शनिवारची गळाभेट

"नीट धर ना गं, पदर लोळतोय खाली," आई म्हणाली.

ती साडीला इस्त्री करत होती आणि मी दुसरं टोक धरून उभी होते. राखाडी रंगाची, बारीक काठाची सुती साडी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी शाळेत जायचं म्हटलं की आईला साडी खळ घातलेली, कडक लागे. मऊ साडी नेसलेल्या बाईंना मुलं आजारी समजतात, असं तिचं मत होतं.

"पण तू तिथे जाऊन करणार काय?" मी विचारलं. "तुला बोलावलंय का कोणी?"

"बोलावलं नाही म्हणूनच जायचं. बोलावलं की नारळ देतात हातात. मग बोलता येत नाही."

तो गुरुवार होता. पुण्याहून चार दिवसांची रजा काढून मी आईकडे आले होते. शनिवारी शाळेत आरोहीची गळाभेट होती आणि ती होऊ द्यायची नाही, असं आईने ठरवलं होतं.

ही गळाभेट काय ते सांगायला हवं, कारण आमच्या गावच्या शाळेशिवाय ती कुठे असेल असं मला वाटत नाही. कोणी कोणाला मारलं, छळलं, कोणाचा डबा गटारात टाकला, आणि ज्याचा टाकला त्याने येऊन सांगितलं, तर चौकशीच्या भानगडीत कोणी पडत नसे. येत्या शनिवारी परिपाठाच्या वेळी दोघांनाही पटांगणातल्या ओट्यावर उभं करत. मुख्याध्यापक म्हणत, "झालं गेलं गंगेला मिळालं." मग बँडवाली मुलं ड्रम वाजवायला लागत, मारणारा आणि मार खाणारा एकमेकांना मिठी मारत आणि सगळी शाळा टाळ्या वाजवी. मुलाने मुलीला त्रास दिला असेल तर मिठीऐवजी राखी. ती त्या मुलीनेच आणायची.

या पद्धतीचा एक गुण कोणालाही मान्य करावा लागेल. एकदा गळाभेट झालेलं मूल पुन्हा तक्रार घेऊन आलं, असं कधी झालं नाही. तक्रारी हळूहळू बंदच झाल्या. तेव्हा संस्थेने आपल्याच शाळेला 'तंटामुक्त शाळा' असा पुरस्कार दिला, तो संस्थेच्याच अध्यक्षांनी स्वीकारला, आणि फाटकाशी निळा फलक लागला. 'तंटामुक्त शाळा. एकूण तक्रारी : शून्य.' त्यातलं शून्यसुद्धा ऑइलपेंटने रंगवलेलं होतं. तेवढं खडूने लिहावं, असं कोणाला वाटलं नव्हतं.

आरोही लोंढे सहावीत होती. आमच्याच गल्लीत राहायची, संध्याकाळी आईकडे गणिताला यायची. कार्यानुभवाच्या तासाला तिच्या वर्गातल्या ऋतुजाने कात्रीने तिची एक वेणी कानापासून कापली. दोघीतिघींनी हात धरून ठेवले होते. आरोहीने घरी सांगितलं, तिच्या आईने, सुनीताने, शाळेत जाऊन सांगितलं, आणि शाळेने तत्परतेने शनिवार ठरवला.

"भांडणार आहेस का तिथे?" मी विचारलं.

"भांडू कशाला? मी एवढंच म्हणणार, तो ड्रम बंद करा."

"ड्रम?"

"मिठ्या मारायच्या तर मारा म्हणावं. ड्रम नको."

इस्त्री काठावर आली, तसा आईने तिचा वेग कमी केला.

"शरू, सातवीत त्या ओट्यावर मोहिनीने तुला मिठी मारली होती, तेव्हा ती तुझ्या कानात काय म्हणाली गं?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं.

"सॉरी म्हणाली असेल. आता कोणाला आठवतंय?"

"सॉरीला एवढा वेळ लागत नाही," आई म्हणाली. "मी पुढेच उभी होते. ओठ हलत होते तिचे."

"तू पण ना. सोडू का आता पदर?"

"सोड," आई म्हणाली आणि साडीची घडी घालायला लागली.

शुक्रवारी सकाळी चहाचं आधण ठेवून ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जरा टेकली. मी अंघोळ करून आले तर आधण आटून भांडं काळं पडलं होतं आणि आई तशीच बसलेली होती. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. बायका नेसवायला साडी मागू लागल्या, तेव्हा शोधावी लागली नाही. इस्त्री केलेली तयारच होती.

शनिवारी शाळेला सुट्टी दिली. आरोहीची गळाभेट आईचे दिवस होईपर्यंत पुढे गेली. आई जिवंत राहून ती थांबवू शकली असती की नाही, कोण जाणे. मरून तिने ती पंधरवडाभर थांबवली.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक टिळेकर सर भेटायला आले. सोबत मोहिनीताई होत्या.

मोहिनी घारगे माझ्या वर्गात होती. दादासाहेब घारगे तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते, आणि गळाभेटीची कल्पनाही त्यांचीच. आम्ही सातवीत असताना मोहिनीने आणि तिच्या मैत्रिणींनी मला खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडलं होतं. मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत मी तिथे गाद्यांच्या आणि फुटक्या लेझमांच्या मधे बसून होते. मला बाहेर काढलं ते वर्गशिक्षकांनी. त्यांनी विचारलं म्हणून मी नावं सांगितली. पुढच्या शनिवारी ओट्यावर गेले. आई तेव्हा शाळेत नवीन होती, नोकरी कायम व्हायची होती, आणि बाबा जाऊन वर्षच झालं होतं. ती शिक्षकांच्या ओळीत उभी होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिचे हात पाठीमागे होते, हे मला ओट्यावरून दिसलं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत आई शनिवारच्या परिपाठाला कधी आली नाही. स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायची.

आता दादासाहेब नव्हते. मोहिनीताई संस्थेच्या सचिव होत्या, आणि सरकारने प्रत्येक शाळेत बाल सुरक्षा समिती हवी असं कळवल्यावर त्या समितीच्या अध्यक्षाही त्याच झाल्या होत्या. दारातून आल्या त्या डोळे पुसतच. खोटं रडत नव्हत्या. आई त्यांनाही वर्गात शिकवायला होती.

"कशी गं गेली बाई अशी," त्या म्हणाल्या. "काही होत नव्हतं ना?"

"नाही."

"तुला आठवतं, आपली पण गळाभेट झाली होती? केवढ्याशा होतो गं. तिथपासून आपली मैत्री."

मी पाण्याचे पेले पुढे केले. टिळेकर सरांनी पाणी घेतलं, घसा साफ केला.

"ताई, प्रसंग दुःखाचा आहे," ते म्हणाले, "पण एक आनंदाची बातमी घेऊन आलोय. दिवस झाले की शनिवारी शोकसभा ठेवलीय. आणि त्या दिवसापासून गळाभेटीला बाईंचं नाव देतोय. कैलासवासी कुंदाबाई सरनाईक स्नेहमीलन उपक्रम."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"आई गळाभेटीला येत नसे, सर."

"तेच तर! सगळे टाळ्या वाजवायचे तेव्हा या माउली वह्या तपासायच्या. केवढी ती कर्तव्यनिष्ठा!"

"त्याबद्दल तिला मेमो दिला होता शाळेने."

"मेमो सगळ्यांनाच देतात, ताई. मलाही आहे."

मोहिनीताईंनी माझा हात हातात घेतला. "आणि पहिली भेट आरोहीचीच ठेवलीय बघ. बाईंची लाडकी ना ती? बाईंच्या आत्म्याला किती बरं वाटेल."

"तिची वेणी कापलीय, मोहिनी. तुमची समिती आहे ना? समितीने काय केलं?"

"अगं, समितीनेच तर ठरवली गळाभेट!"

"आणि ती तक्रारपेटी लावायची असते, ती?"

"आहे की. सरांच्या केबिनमध्येच ठेवलीय, त्यांच्या खुर्चीच्या मागे. बाहेर लावली होती, तर मुलं त्यात काहीबाही टाकायला लागली."

"कुलूप आहे पेटीला," टिळेकर सर अभिमानाने म्हणाले.

दुखवट्याच्या घरी चहा घेत नाहीत, म्हणून दोघं चहा न घेता गेले. जाताना सरांनी बजावलं, "दोन शब्द बोलायची तयारी ठेवा. दोनच."

संध्याकाळी सुनीता आरोहीला घेऊन आली. सुनीता घरी ब्लाउज शिवायची, गळ्यात मोजपट्टी तशीच होती. आरोहीने डोक्याला स्कार्फ बांधला होता. आईच्या फोटोला नमस्कार करून ती नेहमीच्या जागी, गणिताला बसायची त्या पाटावर, जाऊन बसली.

"ताई, बाई म्हणाल्या होत्या, मी येते, तू घाबरू नकोस," सुनीता म्हणाली. "आता हिला काय सांगू? रात्री नीट जेवत नाही पोरगी."

"पाठवू नकोस त्या दिवशी शाळेत."

"मी म्हटलं तसं सरांना. तर म्हणाले, मग दाखला घेऊन जा. दुसरी शाळा आहे कुठे इथे? असती तर यांच्या उंबऱ्याला पाय लावला असता का?"

मी आरोहीजवळ जाऊन बसले. "तुला कशाची भीती वाटते गं? मिठीची?"

तिने स्कार्फवरून कापलेल्या बाजूला हात लावला. "ती कानाजवळ येईल," ती म्हणाली.

"मग?"

"बाई म्हणाल्या, ड्रम बंद असला की काही होत नाही."

मला तिच्याकडे बघवेना. मी उठून दिवा लावला.

"तुम्ही बोलाल का ताई?" सुनीताने विचारलं. "मोहिनीताई तुमच्या मैत्रीण आहेत म्हणतात."

"बघते," मी म्हटलं.

शोकसभेचा मंडप पटांगणातच घातला होता. फाटकावरच्या फ्लेक्सवर आईचा फोटो होता, आणि त्याच्याहून मोठा मोहिनीताईंचा, हात जोडलेला. लांबून येणाऱ्याला नेमकं कोण गेलं ते कळायला वेळ लागला असता. आईचा फोटो तिच्या नोकरीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला होता, त्यामुळे शाळेच्या शिक्क्याची अर्धी कड तिच्या खांद्यावर आली होती.

सूत्रसंचालन काळोखे सरांकडे होतं. शाळेतलं सगळं सूत्रसंचालन तेच करत, आणि स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, शोकसभा या सगळ्यांसाठी त्यांचा आवाज एकच होता.

"ज्या ओट्यावरून बाईंनी असंख्य बालमनं जोडली," ते म्हणाले, "तो ओटा आज पोरका झालाय."

आई त्या ओट्यावर तिच्या नोकरीत कधी चढली नव्हती.

मग सगळे उभे राहिले आणि मौन पाळलं. ते फार छान पाळलं गेलं. आमच्या शाळेला त्याचा सराव होता.

भाषणं झाली. एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की बाई शिस्तीच्या होत्या पण आतून फणसासारख्या गोड होत्या. संस्थेच्या एका सदस्यांनी बाईंना नारळाची उपमा दिली, मग काळोखे सरांनी मधेच उठून ती दोन्ही फळं एकत्र केली. टिळेकर सर म्हणाले, बाईंनी कधीही, कोणाबद्दलही, कसलीही तक्रार केली नाही, आणि आजच्या पिढीने हे शिकलं पाहिजे. ते पहिल्या रांगेकडे बघून बोलत होते. पहिल्या रांगेत आरोही होती.

नंतर मला ओट्यावर बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. शोकसभेत शाल-श्रीफळ देतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नसावं, पण ओट्यावर कोणी चढलं की द्यायचंच, अशी सवय होती.

"आता ताई दोन शब्द बोलतील," काळोखे सर म्हणाले, "पण त्याआधी बाईंच्या आवडत्या उपक्रमाची पहिली भेट! कुमारी आरोही आणि कुमारी ऋतुजा, या बाळांनो."

दोघी वर आल्या. ऋतुजा ठेंगणी, गोल चेहऱ्याची, केसांत दोन मोठ्या रिबिनी. तिच्याकडे बघून कोणाला कात्री आठवली नसती. आरोहीने शाळेच्या नियमाप्रमाणे स्कार्फ काढला होता. एका बाजूला वेणी होती, दुसऱ्या बाजूला कान. मंडपात मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"झालं गेलं गंगेला मिळालं," टिळेकर सर म्हणाले.

बँडवाल्या मुलीने ड्रमवर काठ्या धरल्या आणि वाजवायला सुरुवात केली. आवाज बारीक सुरू झाला आणि वाढत गेला. ऋतुजाने दोन्ही हात पुढे केले. आरोहीचे खांदे वर, कानांपर्यंत गेले.

"थांबा," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. तो ड्रम असतोच त्यासाठी. मी नारळ टिळेकर सरांच्या हातात दिला आणि स्टँडवरचा माइक काढून घेतला.

"ड्रम बंद करा."

ड्रम बंद पडला. काळोखे सर लगबगीने आले. "ताई, ड्रमशिवाय कशी गळाभेट? वातावरणनिर्मिती लागते."

"आईची इच्छा होती. शेवटची. गुरुवारी म्हणाली मला."

शेवटच्या इच्छेपुढे कोण बोलणार? विशेषतः ज्यांनी तासभर आईच्या नसलेल्या इच्छा सांगितल्या होत्या, त्यांच्यापैकी कोण? टिळेकर सरांनी मान डोलावली, नारळासकट.

"मारा मिठी आता," मी दोघींना म्हटलं आणि दोघींच्या मधे माइक धरला, आरोहीच्या कानाच्या उंचीवर. "ऋतुजा, तुला तिच्या कानात जे सांगायचं असेल ते इथे सांग. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

ऋतुजाने माइककडे पाहिलं. मग मंडपात आपल्या आईकडे पाहिलं. तिचा श्वास कर्ण्यातून सगळ्या पटांगणाला ऐकू येत होता.

"मला नाही काही सांगायचं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"मला नाही मिठी मारायची," आरोही म्हणाली. तेही ऐकू गेलं, अगदी फाटकापर्यंत.

टाळ्या वाजल्या नाहीत. ड्रम नसला की टाळ्या कधी वाजवायच्या ते मुलांना कळत नसे. खालून सुनीता उठली, ओट्यापर्यंत आली, आरोहीला हाताला धरून खाली घेऊन गेली आणि तिला मांडीशी घेऊन बसली. तिला कोणी अडवलं नाही. दाखला घेऊन जा, असंही कोणी म्हटलं नाही. माइक चालू होता.

"लाजतात हो मुलं," टिळेकर सर म्हणाले.

तेव्हा मोहिनीताई उठल्या. सभा हातातून निसटली की ती सावरायची कशी, हे त्यांना घरातूनच मिळालं होतं.

"शर्वरी, चल गं," त्या हसून म्हणाल्या. "आपण दोघी दाखवू या पोरांना. आपली पण झाली होती ना, इथेच!"

दोन्ही हात पसरून त्या माझ्याकडे आल्या. तीच उंची, तीच डाव्या अंगाने येण्याची पद्धत. मी माइक आमच्या दोघींच्या मधे धरला. त्या थबकल्या.

"तेव्हा तू माझ्या कानात काय म्हणाली होतीस?" मी विचारलं.

"मी?" त्या हसल्या. "अगं, काय म्हणणार? आठवत पण नाही बाई."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांच्यासाठी तो एक शनिवार होता.

मी वळले. आईचा फोटो टेबलावर हार घालून ठेवलेला होता. मी माइक तोंडाजवळ घेतला. समोर सगळी शाळा बसली होती, पण मला एकीलाच सांगायचं होतं.

"आई," मी म्हटलं, "ती सॉरी नव्हती म्हणाली. ती म्हणाली, 'पुन्हा सांगितलंस तर माझे पप्पा तुझ्या आईला काढून टाकतील.' म्हणून तुला सांगितलं नाही."